देवधानाची गाठ

"अरे ए! कोण आहे तिथं? बाहेर नीघ! नीघ म्हणते ना!"

मी ढोलदगडाच्या माथ्यावरून घसा फाटेस्तोवर ओरडत होते आणि खाली तलावात तो माणूस निवांतपणे विळ्याने देवधान कापत होता. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण दुर्बिणीतून त्याच्या रेनकोटाच्या बाहीवरची चिखलाचे शिंतोडेसुद्धा मला दिसत होते आणि त्याच्यापासून दोन हातांवर सारसाचं घरटंही दिसत होतं. घरट्यात दोन अंडी होती. नर-मादी दोघं लांब बांधावर उभी राहून माना वर करून ओरडत होती. त्यांचा आवाज मात्र माझ्यापर्यंत पोचत होता.

माझ्याबरोबर पर्यटक होते. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "ताई, तो वन विभागाचा माणूस आहे का? साफसफाई करतोय का?"

"साफसफाईच करतोय," मी म्हणाले, "वंशाची." आणि त्यांना तिथंच बसायला सांगून उतरायला लागले.

ढोलदगड हा आमच्या बोडीटोला गावाचा पहाड. ग्रॅनाइटचे भले मोठे गोटे कुणी खेळता खेळता एकमेकांवर ठेवून विसरून गेल्यासारखे. वरच्या एका गोट्यावर दगड मारला की ढोलासारखा घुमतो, म्हणून ढोलदगड. कपारींत अस्वलं राहतात, मोठं शिंगवालं घुबड राहतं आणि पायथ्याशी आमचा मोठा तलाव. गोंदियाकडे असे जुने तलाव गावोगाव आहेत, पण सारस काही सगळीकडे येत नाही. आमच्याकडे यायचा. तलावाच्या उथळ कडेला देवधान उगवतं, म्हणजे आपोआप येणारा रानटी धान, माणसाच्या छातीएवढा. त्याच्या आडोशाला सारस घरटं करतो.

गावात निसर्गवाटांची समिती झाली, तेव्हा एकच नियम मी भांडून करून घेतला होता. सारसाचं घरटं बघायचं ते ढोलदगडावरूनच, दुर्बिणीतून. तलावात पाय घालायचा नाही. मी तिथली वाटाडी होते. आणि त्या दिवशी माझाच नियम मला नडला. दिसत सगळं होतं, हाताला काही लागत नव्हतं. दगडावरून उतरताना माझा गुडघा फुटला, ते मला घरी गेल्यावर कळलं.

खाली पोचले तेव्हा त्याचं काम आटोपलं होतं. घरट्याच्या पुढचा देवधानाचा पडदा त्याने भांग पाडावा तसा साफ केला होता आणि तिपाईवर कॅमेरा लावून तो फोटो काढत होता. हा बारलिंगे. नागपूरचा. पक्ष्यांचे फोटो काढून बक्षिसं मिळवणारा. पूर्वी एकदा माझ्याबरोबर डोंगरावर येऊन गेला होता आणि "इथून काय दिसतं, माशी?" असं म्हणून नाराज होऊन परतला होता.

"ताई, आवाज करू नका," तो मलाच म्हणाला. "पक्षी घाबरतील."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. "पक्षी घाबरतील? आणि तू हे काय करून ठेवलंस?"

"काय केलंय? अंड्याला हात लावला नाही, घरट्याला धक्का नाही. चार काड्या बाजूला केल्या. उगवतील परत."

"कावळ्याला दार उघडून दिलंस तू! वरून घार बघेल, बांधावरून कुत्रं बघेल. त्या चार काड्या म्हणजे त्यांच्या घराची भिंत होती."

"ताई, एकच फोटो. जगात जाईल हा फोटो. तुमच्याच गावाचं नाव होईल."

"तुला घरटं दाखवलं कुणी?" मी विचारलं. माझ्या डोक्यात गावातलं एकेक नाव फिरत होतं. ज्याने दाखवलं त्याची चामडी सोलायची मी तयारी ठेवली होती.

तो हसला. खरंच हसला. घरट्याच्या मागच्या बाजूला बोट करून म्हणाला, "तुम्हीच दाखवलंत. ती गाठ आहे ना? पलीकडच्या गावांतही बघितलंय मी. गाठ दिसली की जवळपास काहीतरी असतंच. सोपं केलंय तुम्ही लोकांनी."

मी वळून बघितलं. माझे सासरे बांधावर येऊन उभे होते. आरडाओरडा ऐकून आले असावेत. त्यांनी ते ऐकलं होतं.

ती गाठ त्यांनी बांधलेली होती.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. तलाव सरकारचा असो नाहीतर सोसायटीचा, पाण्यात आयुष्य आमचं जातं. आणि पाण्यात कुंपण घालता येत नाही, म्हणून आमच्याकडे गाठ. उभ्या देवधानाची मूठभर पाती न तोडता वळवायची, एकात एक गुंतवायची आणि तशीच उभी सोडायची. मग तिथे तुमचं जाळं असो, माशांनी अंडी घातलेली असोत नाहीतर पाखराचं घरटं असो. गाठ दिसली की ढिवर आपला डोंगा, म्हणजे होडी, वळवतो, गवत कापणारी बाई विळा आवरते, म्हशीवाला म्हशी हाकलतो. का बांधली, कुणी बांधली, कुणी विचारत नाही. माझे सासरे, इस्तारी वलथरे, म्हणजे मामाजी, दरवर्षी सारसाच्या घरट्यामागे गाठ बांधायचे. त्यांच्या बापानेही बांधली होती. आजवर ती गाठ कुणी ओलांडली नव्हती. आणि या माणसाने ती पाटीसारखी वाचली होती.

मी त्याची तिपाई उचलून बांधावर फेकली. त्यावर तो साहेबी भाषेत बरंच काही बोलला, वरच्या साहेबांची नावं घेतली आणि गाडीत बसून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरट्यात अंडी नव्हती. टरफलं होती. मामाजी आदल्या दिवशी अंधार पडेपर्यंत बांधावर बसून कावळे हाकलत होते, पण माणूस बांधावर बसलेला म्हणून सारसही घरट्याकडे येईना. कुठूनही धरा, विस्तव तो विस्तव. सारसाची जोडी मात्र तिथंच घुटमळत राहिली. मोकळ्या घरट्यापाशी यायची, चोचीने काड्या सारख्या करायची आणि ओरडायची. तो आवाज ऐकत मला स्वयंपाक करावा लागे.

मी समितीचे अध्यक्ष झनकलाल टेंभरे यांच्याकडे गेले. ते ओसरीत पान लावत होते.

"टेंभरेजी, त्या बारलिंग्याची तक्रार करा."

"करू ना बाई. पण जरा दमानं घे. मोठा मानूस आहे. त्याच्या एका फोटोनं चार गाड्या येतेत आपल्याकडे."

"आणि सारस गेल्यावर गाड्या काय तुमची मिशी बघायला येतील?"

"तुझी जीभ लय चालते कुंता."

"तुमचे हात चालले असते तर माझी जीभ कशाला चालली असती?"

तक्रार काही झाली नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

मग पोळ्याच्या सुमारास एके सकाळी मामाजी डोंग्यातून परत आले आणि दारातूनच म्हणाले, "कुंता, बसले वं. दुसऱ्यांदा बसले."

मी हातातलं पीठ तसंच टाकून धावले आणि त्यांच्या डोंग्यात बसले. पार पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे देवधान सर्वांत दाट, तिथे सारसाने नवं घरटं केलं होतं. पहिली अंडी गेली तर सारस कधीकधी पुन्हा घालतो, पण तेवढंच. हेही गेलं तर त्या वर्षी पिल्लू नाही. दरवर्षी असंच झालं तर जोडी जागा सोडून जाते, आणि सोडून गेलेली जोडी परत आणायला कुणाच्या बापाला जमत नाही.

मामाजींनी डोंगा थांबवला. हात लांब करून देवधानाची मूठ धरली. आणि धरूनच राहिले. त्यांचा हात मी बघत होते. बांधली तर तो माणूस येणार. नाही बांधली तर आमचीच माणसं येणार, गवताला, जाळ्याला, म्हशींमागे, आणि नकळत तुडवून जाणार.

"मामाजी, नका बांधू," मी म्हणाले. "मी घरोघरी जाऊन सांगते. तोंडानं सांगते."

"तोंडानं?" त्यांनी असं विचारलं, जणू मी तलाव तोंडानं उपसते म्हणाले होते.

"हो. तोंडानं."

त्यांनी मूठ सोडली. पाती परत सरळ झाली. "गाठीचं काम तोंडानं कराचं," ते पुटपुटले. "करजो बाई. कर."

मी टोल्यातल्या प्रत्येक दारात गेले. तिकडच्या कोपऱ्यात जायचं नाही, आणि बाहेरच्या माणसाला सांगायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारची पारबता म्हणाली, "गाठ काऊन नाई बांधली मामानं? आता का घरोघरी दवंडी देत फिराचं?" तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. मी टेंभऱ्यांनाही सांगितलं. गावातल्या माणसाला सांगायचं म्हणून सांगितलं. अध्यक्षच होते ते.

आठवडा झाला नसेल, पुन्हा मी ढोलदगडावर होते, पुन्हा पर्यटक होते, आणि रस्त्याच्या वळणावर तीच पांढरी गाडी थांबली.

टेंभऱ्यांनी फोन केला होता. पुढे ते स्वतःच म्हणाले, "मी फक्त खुशखबर सांगतली. जागा नाई सांगतली." वा रे खुशखबर.

मी दुर्बीण डोळ्याला लावली. बारलिंगे उतरला, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि बांधावरून चालत निघाला. थांबत होता, नजर फिरवत होता. देवधानात गाठ शोधत होता. माझ्या मनात आलं, शोध, शोध मेल्या. गाठ नाहीच आहे यंदा.

तेवढ्यात तो थबकला आणि झपाझप चालू लागला. मी त्याच्या पुढे दुर्बीण फिरवली. गाठ होती. देवधानाच्या कडेला, चांगली जाड, लांबूनही दिसेल अशी. पण घरटं होतं त्या कोपऱ्यात नव्हे. त्याच्या अगदी उलट्या बाजूला, जिथे वरून हिरवं दिसतं आणि खाली दलदल आहे. आमची म्हैस एकदा तिथं रुतली होती, ती बाहेर काढायला अर्धं गाव लागलं होतं.

मी त्याच्या नावाने ओरडले. या वेळी त्याला वाचवायला. आणि या वेळीही त्याला ऐकू गेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत तो दोन पावलं आत गेला, तिसऱ्याला कमरेपर्यंत गेला.

मी खाली पोचले तेव्हा तो छातीपर्यंत होता. कॅमेऱ्याचा पट्टा तेवढा चिखलावर दिसत होता. आणि त्याच्यापासून बांबूभर अंतरावर मामाजी डोंग्यात बसले होते. बांबू मांडीवर आडवा. तळहातावर तंबाखू मळत होते.

"काढा मला! अहो बाबा, काढा ना!"

"हालू नका साहेब. हाललं का आखीन आत जाते. नाई हाललं तर याच्या खाली नाई जात. मले माईत आहे."

"मामाजी!" मी बांधावरून ओरडले. "काढा त्याले!"

"काढतो वं. त्याच्याच साठी बसलो आहो. फक्त एक विचारतो." त्यांनी तंबाखू दाढेखाली ठेवली. "साहेब, इकडे कायले आले?"

"फोटो... फोटोसाठी."

"फोटोसाठी ढोलदगड आहे. इथं कायले आले?"

"गाठ होती ना! गाठ दिसली म्हणून!"

"गाठ काय म्हनते साहेब?"

त्याला कळेना. चिखलात रुतलेला माणूस, त्याला हे काय विचारताहेत.

"गाठ म्हनते, येऊ नको," मामाजी म्हणाले. "आमचं शेंबडं लेकरू वाचते ते. तुमी शिकले-सवरले. तुमाले 'ये' कसं दिसलं?"

मामाजींनी बांबू पुढे केला, त्याला तो काखेत धरायला लावला आणि सावकाश, जराही घाई न करता, डोंग्याकडे ओढून घेतलं. बांधावर आणून बसवलं. स्वतःच्या गमछ्याने त्याचं तोंड पुसलं. मी एवढं केलं नसतं.

श्वास खाली बसल्याबरोबर बारलिंगेने तोंड उघडलं. "इथे घरटं नाहीच आहे! तुम्ही मुद्दाम बांधली ती गाठ. फसवलंत मला. मेलो असतो मी! खोटारडे आहात तुम्ही लोक!"

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी उसळले. "कोण खोटारडं? विळा घेऊन पाखराच्या घरात शिरतोस, अंडी कावळ्याला खाऊ घालतोस आणि आम्ही खोटारडे? गाठ सांगते येऊ नको. दलदल आहे, येऊ नको. काय खोटं होतं त्यात? सांग ना! माणूस सांगतो ते ऐकायचं नाही आणि बुडालास की त्यालाच..."

"कुंता," मामाजी म्हणाले. "रायू दे."

"का म्हणून राहू दे? खरंच तर आहे!"

"खरं नाई ते." ते बारलिंगेकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. दलदलीतल्या त्या गाठीकडे बघत होते. "मी ते येऊ नको म्हनून नाई बांधली. मी 'ये' म्हनून बांधली."

बारलिंगे गाडीकडे गेला. चिखल ठिबकत होता त्याच्या अंगातून. मामाजी डोंग्यात बसून पुन्हा आत गेले, त्यांनी ती गाठ सोडली, पाती एकेक करून सरळ केली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सारसाचं पिल्लू निघालं. बदामी रंगाचं, काटकुळं. आईच्या मागे मागे देवधानातून चालायला लागलं, तेव्हा मी ढोलदगडावर बसून रडले. बारलिंगे परत कधी आला नाही. गावात मामाजींची वाहवा झाली. चावडीवर, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत तीच गोष्ट. इस्तारीने साहेबाला कसं गाळात घातलं. सांगणारे हसून हसून लोळायचे. लहान पोरं खेळताना कुठेही गाठी बांधू लागली. त्याला साहेबगाठ म्हणायची.

मग एकदा पारबता अंगणात आली. हातात विळा होता. हसत हसतच म्हणाली, "मामा, तिकडे वडाखाली देवधानात गाठ दिसते. खरी आहे का साहेबवाली?"

आम्ही सगळे हसलो. मामाजी उठून आत गेले.

गाठ दिसल्यावर विचारणारी ती पहिली. त्यानंतर सगळेच विचारू लागले, आणि विचारावं लागतं ती गाठ कसली? मामाजींनी पुन्हा देवधानाला हात लावला नाही. हळूहळू इतरांनीही सोडलं. आता घरट्याभोवती वन विभागाची तारेची जाळी लागते, पाटी लागते, चौकीदार बसतो. सारस वाचले, त्याबद्दल मी कृतघ्न नाही. पण लोक मला म्हणतात, झालं ते चांगलंच झालं, जिंकलात तुम्ही. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अंडी खाल्ली कावळ्याने, कॅमेरा खाल्ला गाळाने. एका माणसाने जन्मभर खोटी गाठ बांधली नव्हती, आणि त्याला ती बांधायला लावून दुसरा निघून गेला. याची तक्रार कोणत्या साहेबाकडे करायची असते?

बारलिंगे गाळात रुतला त्याच्या पुढल्या वर्षी, हिवाळ्यात, तलावाच्या कडेला पर्यटकांची माहितीखोली झाली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी झाडायला गेले, तर समोरच्या भिंतीवर भली मोठी फ्रेम. सारसाचं घरटं, दोन अंडी, मागे लांब बांधावर पंख उभारलेला नर. आडवं एक पातं नाही. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, 'नैसर्गिक अधिवासात'. फोटोला मोठं बक्षीस मिळालं होतं म्हणे, आणि टेंभऱ्यांनी तो मागवून घेतला होता. गावाची शान!

मी बाहेर जाऊन दगड आणला. ढोलदगडाचाच तुकडा, मुठीत मावेल असा. हात उगारलाही होता.

"थांब वं."

मामाजी दारात होते. ते कधी त्या खोलीकडे फिरकायचे नाहीत, त्या दिवशी कसे आले कोण जाणे. फ्रेमपाशी गेले, डोळे बारीक केले. अंड्यांकडे बघितलं, नराकडे बघितलं. मग फोटोच्या अगदी डाव्या कोपऱ्यात, मागे, जिथे सगळं धूसर होत जातं, तिथे बोट ठेवलं.

देवधानाची मूठभर पाती, वळवून एकात एक गुंतवलेली.

"ही," ते म्हणाले, "ही खरी होती."

मी दगड खाली ठेवला.

मामाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून लोकांना ढोलदगडावर नेते, आणि उतरल्यावर ते माहितीखोलीत त्या फोटोपुढे उभे राहतात. "काय क्लिअर आलाय हो!" म्हणतात. माझी जीभ अजून चालते, पण तिथे मी ती दाताखाली धरते. लोक गेले की फडकं घेते आणि काच पुसते. सगळी नाही. तेवढा डावा कोपरा.